चुलीपासून पाच हात

माझ्या सासूचं पोट पहिल्यांदा दुखलं त्या दिवशी मी मनातल्या मनात पेढे वाटले. खोटं कशाला बोलू? खोटं बोलायचं तेवढं त्या काळात बोलून झालेलं आहे, आणि त्याचीच ही हकीगत आहे.

सासू म्हणजे साधीसुधी बाई नव्हती. करावे गावात कुणाच्याही लग्नातल्या हळदीचं जेवण असो, चुलाणापुढे उभी राहायची ती. तीन-तीन टोप मटण, शेजारी वड्यांची कढई, पंचवीस-तीस बायका हाताखाली, आणि मधोमध ही बुटकी, काळीसावळी, कमरेला पदर खोचलेली. रीत अशी होती की मुख्य रांधणारणीने सांगितल्याशिवाय टोपाला दुसरं कुणी हात लावायचा नाही. लाकूड ओढायचं तरी तिला विचारून. आणि शेवटी सगळ्यांसमोर ती उकळत्या टोपावर तरंगणारी तेलाची लाल तरी पळीने उजव्या तळहातावर ओतून घ्यायची, चाटायची, डोळे मिटायची. गाव श्वास धरून उभं. मग ती म्हणायची, "उतरवा." त्या एका शब्दावर पंगत बसायची. राणीचा राज्याभिषेक मी पाहिलेला नाही, पण त्यात याहून जास्त काय असतं ते मला ठाऊक नाही.

मी उरणकडच्या गावातून लग्न होऊन आले ती सत्तरीच्या दशकाच्या मध्याला. मॅट्रिक झालेली. त्या घरात लिहितावाचता येणारी पहिली सून. आल्यावर चौथ्या दिवशी मी हौसेने कोलंबीचं कालवण केलं. सासूने बोट बुडवून चव घेतली आणि पातेलं उचलून थेट अंगणात गेली.

"हे काय रांधलंस गो? पान्यात हलद टाकायची, येवढंच शिकवलं काय तुना आयेनं?"

आणि कालवण कोंबड्यांपुढे ओतलं. गरम होतं, म्हणून कोंबड्या मागे सरल्या. झालं! तिने आळीतल्या बायकांना हाका मारल्या. "बगा गो बगा, कोंबरी बी नाय खात!"

त्यानंतर सात वर्षं मला चुलीला हात लावायची बंदी. माझी जागा पाट्यापाशी. ओलं खोबरं, भाजलेलं खोबरं, कांदा, आलं-लसूण, सगळं मी वाटायचं आणि तिने रांधायचं. जिताडा आणला की पोटाचा लोणीदार तुकडा तिच्या ताटात, डोकं माझ्या नवऱ्याला, शेपटी मला. शेतं तोवर नव्या शहरासाठी सरकारकडे गेली होती, आज जिथे सीवूड्सचे टॉवर उभे आहेत तिथे भात असायचा, पण घरात मात्र तिचं राज्य इंचभरही कुणाला संपादन करता आलं नव्हतं.

आणि मग, ऐंशीनंतर, देव पावला. तिचं पोट दुखू लागलं.

जेवण झालं की उजव्या बरगडीखाली कळ यायची, पाठीतून खांद्यात जायची. ढेकर, मळमळ, कधी हगवण. तळलेलं खाल्लं की हमखास. आधी नजर लागली म्हणून मिरच्या उतरवल्या. मग ओवा, मग हिंग, मग कुणीतरी सांगितलं म्हणून रोज सकाळी चमचाभर खोबरेल तेल, "आतडी धुवायला". त्या तेलाने तिची जी अवस्था झाली ती सांगताना मला आजही हसू येतं. भर दुपारी ती ओट्यावर आडवी होऊन, पाय झाडत, घरातल्या सगळ्या देवांना त्यांच्या आयांवरून शिव्या देत होती. मी वारा घालत होते. फार हळू घालत होते.

नेरुळला तेव्हा नवीन वसाहतीत एका डॉक्टरीणबाईंनी दवाखाना काढला होता. मराठवाड्याकडच्या, तरुण, करड्या शिस्तीच्या. त्यांनी वाशीहून फोटो काढून आणायला सांगितलं आणि फोटो बघून म्हणाल्या, "पित्ताशयात खडे आहेत, मावशी. ऑपरेशन करून टाका."

"पोट कापून घेनार नाय," सासू म्हणाली. "मासली हाय काय मी?"

"मग पथ्य पाळावं लागेल. जन्मभर."

पथ्य म्हणजे तेल, तूप, तळण बंद. चरबीचं मटण बंद. अंड्याचा बलक बंद. तेल लागलंच तर दिवसाला सगळं मिळून दोन छोटे चमचे. थोडं थोडं, चार-पाच वेळा खायचं. इथवर सासू मान हलवत होती. मग बाई म्हणाल्या, "आणि खोबरं बंद."

सासू उभीच राहिली. "नारल? नारल देवाला लागतो बाय! त्यात कसली चरबी?"

"देवाच्या पोटात खडे नाहीत, मावशी."

मी तोंडात पदर कोंबला. बाईंनी सगळं स्वच्छ अक्षरात एका कागदावर लिहून दिलं आणि कागद, साहजिकच, माझ्या हातात दिला. घरात वाचणारी मीच ना. नवऱ्याला सही येत होती, ती तुर्भ्याच्या कारखान्यात पगाराच्या दिवशी कामाला यायची, बाकी अक्षरांशी त्याचं काही घेणंदेणं नव्हतं.

संध्याकाळी ओट्यावर सगळे जमले. नवरा, धाकटा दीर, शेजारची काकी, आणखी चार बायका. मी मधोमध बसून कागद वाचला. सावकाश, रेडिओवरच्या बातम्यांसारखा. तेल, तूप, तळण, खोबरं. प्रत्येक शब्दाला सासू थोडी थोडी लहान होत होती. शेवटची ओळ संपली. खाली चार बोटं कोरा कागद होता. माझं बोट त्या कोऱ्या कागदावरून पुढे सरकलं आणि तोंड आपोआप चालू राहिलं.

"रुग्णाने चुलीपासून पाच हात लांब बसावे. फोडणीचा धूर नाकावाटे पोटात जातो व खडे वाढतात."

त्या "व"वर मी आजही खूश आहे. "आणि" म्हटलं असतं तर कदाचित कुणाला शंका आली असती.

कुणालाही आली नाही. काकी म्हणाल्या, "खरं हाय. तेलाचा वास घेतला तरी मना जलजलतं."  सासूने एकच प्रश्न विचारला. "पाच हात कोनाचे? माजे का तुजे?"

मी कागदाकडे पाहिलं, पुन्हा बोट ठेवलं. "रुग्णाचे."

तिचे हात आखूड होते, एवढीच त्यात तिला सवलत. नवऱ्याने तिचा हात जमिनीवर धरून कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत पाच वेळा माप घेतलं आणि दिराने गेरूने रेघ मारली. रेघ कुठे आली असेल? बरोबर पाट्यापाशी. जिथे मी सात वर्षं बसले होते, तिथे.

दुसऱ्या दिवसापासून ती पाट्यावर खोबरं वाटू लागली. जे तिला खायचं नव्हतं ते.

त्या पहिल्या महिन्यांत मी काय काय केलं ते सांगायला लाज वाटायला हवी, पण मला वाटते ती गंमतच. तेल मोजायला मी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीबरोबर आलेला चमचा ठेवला होता. तो भरून तिच्या डोळ्यांसमोर धरायचा, मग वरचं थोडं परत डब्यात सांडायचं. मिठाला बंदी नव्हती, तरी तिच्या भातावरच्या कोकमाच्या पाण्यात मी मीठ घालायची नाही. "कागदात हाय काय?" ती विचारायची. "आहे," मी म्हणायची. जिताडा मी तेलात खरपूस परतायची आणि पोटाचा तुकडा रेघेच्या अलीकडे, तिच्याकडे तोंड करून खायची. ती पलीकडून हुकूम सोडायची, "मिरची करपली गो! जाल कमी कर!" मी म्हणायची, "काय म्हणालात, आय? चुरचुर होते, ऐकू येत नाही."

एकदा तिने मी विहिरीवर गेलेली बघून तो तुकडा उचलून खाल्ला. तासाभरात कळ आली. घामाने भिजून ती भिंतीला टेकली होती आणि मी समोर बसून तिला कागद वाचून दाखवला. अथपासून इतिपर्यंत, पाच हातांसकट.

पण गंमत बघा, पथ्य लागू पडलं. चार महिन्यांत कळ थांबली, ढेकरा थांबल्या, ती हलकी झाली, चालायला लागली. इकडे मलाही दोनदा रांधायचा कंटाळा आला. मग सगळ्या घरालाच मी दोन चमच्यांवर आणलं. कांदा तेलात परतायच्या ऐवजी निखाऱ्यावर भाजायचा, जवळा कोरडाच शेकायचा, चिंच आणि हिरव्या मिरचीवर कालवण उभं करायचं. मटण आलं की आधी चरबी काढून टाकायची. नवरा कुरकुरायचा, "मी काय आजारी हाय काय?" पण त्याचंही पोट उतरलं. मी स्वतःवर भलतीच खूश. आणि खरं सांगू? हळूहळू मी तिच्या पाण्यात मीठ घालायला लागले होते. दयेने नव्हे. माझ्या हातचं बेचव कुणी खावं हे मलाच सोसेना.

दोन वर्षं अशी गेली. या दोन वर्षांत गावात ज्या हळदी झाल्या त्यांना सासू गेली नाही. चुलाणापासून पाच हात लांब बसून काय करायचं? लोक दुसऱ्या बाईला बोलवू लागले. त्या त्या दिवशी ती जेवायची नाही.

मग धाकट्या दिराचं लग्न ठरलं.

ते ठरलं त्या क्षणापासून तिच्या डोक्यात एकच होतं. गावभरच्या पोरांच्या हळदी तिने रांधल्या होत्या, आपल्या शेंडेफळाची दुसऱ्या कुणी रांधावी? तिने मला सांगितलं, "बायकडं ने मना. येका दिवसाचीच परवानगी मांगते. खानार नाय, नुसती रांधीन."

मला घाम फुटला. मी म्हटलं, बाई गावी गेल्यात. आठ दिवसांनी म्हटलं, बाईंना बरं नाही. त्यानंतर म्हटलं, दवाखाना हलवलाय, कुठे ते विचारून येते. तिसऱ्या वेळी ती माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली.

एका सकाळी ती घरात नव्हती. कागदही पत्र्याच्या पेटीत नव्हता. दुपारी चिखलाने गुडघ्यापर्यंत माखलेली परत आली, एकटी नेरुळपर्यंत चालत जाऊन. मी चुलीपाशी. माझा हात थांबलेला. ती आली, पाय धुतले, आणि रेघेच्या पलीकडे आपल्या जागेवर बसली.

"काय म्हणाल्या बाई?" मी विचारलं. आवाज कुठून आला कोण जाणे.

"म्हनली, कागदात लिवलंय तसंच करा." आणि खोबरं वाटायला घेतलं.

मी सुटले. त्या दिवशी मी तिला भात जरा जास्तच वाढला.

हळदीच्या आदल्या दिवशी अंगणात मांडव पडला. आळीतल्या सगळ्या बायका तांदूळ निवडायला जमल्या होत्या. धवलारीण लग्नाची गाणी म्हणत होती. मध्येच सासूने हात वर केला, गाणं थांबलं. तिने पेटीतून कागद आणला आणि माझ्या हातात दिला.

"वाच गो. सगल्यांना कलू दे मी का नाय रांधत."

चाळीस बायका. मी वाचलं. तेल, तूप, तळण, खोबरं. कोरा कागद आला. मी सासूकडे पाहिलं. तिचा चेहरा पाट्यासारखा. मग मीही राणीच्या थाटात वाचलं, "रुग्णाने चुलीपासून पाच हात लांब बसावे..."

"बरं," सासू म्हणाली. "आयकलं ना सगल्यांनी? मंग हलद हिची. तीन टोप, चारशे मानूस. चव बी हीच घेनार."

आणि मोठी पळी माझ्या हातात दिली. मला वाटलं, हाच तो क्षण. कोंबड्यांनो, बघून घ्या.

दुसऱ्या दिवशी तिने मांडवात स्वतः आपला हात पाच वेळा जमिनीवर टाकला, गेरूची रेघ मारली, आणि रेघेपलीकडे पाट टाकून बसली. दोन वर्षं रेघेपलीकडून अखंड हुकूम सोडणारी बाई त्या दिवशी एक शब्द बोलली नाही.

मी मात्र काय बोलत होते! मटण आलं. "चरबी सगळी काढून टाका," मी म्हटलं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. पण रीत म्हणजे रीत, मुख्य रांधणारणीच्या शब्दाबाहेर कुणी जायचं नाही. त्यांनी चरबी काढली. करावे गावच्या कुत्र्यांना तसा दिवस पुन्हा कधी आला नाही. मग तेल. डबा उघडून मी वाटीने टोपात घातलं. एक वाटी, दुसरी, तिसरी. दोन चमच्यांवर दोन वर्षं काढलेल्या माझ्या हाताला ते समुद्राएवढं वाटलं. काकी हळूच म्हणाल्या, "येवढंच?"

"माझा हात मला माहीत आहे, काकी," मी म्हटलं.

कांदे मी निखाऱ्यावर भाजायला लावले. खोबरं निम्मंच घातलं. मसाला टाकला, पाणी टाकलं, तिन्ही टोप रटारटा उकळू लागले. वास छान होता. शेवटी सगळे जमले. मी पदर खोचला, पळी टोपात बुडवली आणि तळहातावर ओतून घेतली.

तळहातावर लाल पाणी होतं. तरी नव्हती. ते तेलासारखं थांबलं नाही, बोटांच्या फटींतून सरळ खाली गेलं.

मी तशीच हात पुढे करून उभी. मी सासूकडे पाहिलं. तिला पाच हातांवरून सगळं दिसलं होतं. अजून वेळ होता. अर्धा डबा तेल कडकडीत तापवून, त्यात मसाला फुलवून वरून ओतला असता तर टोप वाचले असते, हे तेव्हा तिला ठाऊक होतं, मला नाही. तिने एक शब्द उच्चारायचा होता. तिने पदर तोंडात कोंबला, हुबेहूब मी दवाखान्यात कोंबला होता तसा.

चाटून मी म्हटलं, "उतरवा."

पंगत बसली.  मग एका कोपऱ्यातून, "घरात कोन आजारी हाय काय?" मग दुसरा, "हलद हाय का दवाखाना?" तिसऱ्याने भाकरी रश्श्यात बुडवून वर धरली, "मटन आंगोल करून आलंय रं!" हसण्याची लाट उसळली ती थेट शेवटच्या रांगेपर्यंत. नवऱ्या मुलाने, माझ्या दिराने, हळद लावलेलं तोंड खाली घातलं. लोक वडे कोरडेच खाऊन उठू लागले.

आणि तेव्हा सासू आपलं ताट घेऊन रेघ ओलांडून आली. सगळ्यांसमोर. "मना वाढ," म्हणाली. मी वाढलं. ती मांडी घालून बसली आणि मटण खाल्लं, दोन वर्षांत पहिल्यांदा, हळदीच्या मांडवात, बोटं चाटून. मग ताट पुन्हा पुढे केलं.

"माज्या पोटाला मानवलं. आजून घाल. आज सगली हलद माज्याचसाठी रांधलीस ना गो?"

चारशे माणसं हसली. कोंबड्या तेवढ्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर ती स्वयंपाकघरात जमीन सारवत होती. शेणाचा हात रेघेवरून फिरला, रेघ गेली. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "बायनं कागद दोनदा वाचला मना. पाच हात कुटंच नवते." मग चुलीपुढे जाऊन बसली आणि फुंकणी उचलली. "पाटा तिकरं हाय."

तिने हे कुणालाही सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. एवढी चांगली सुरी बाई एकदाच वापरून टाकून देत नाही.

ती पुन्हा हळदी रांधायला जाऊ लागली. कुणी विचारलं तर म्हणायची, बायनं पाच हात माफ केले. पथ्य मात्र शेवटपर्यंत सोडलं नाही, खड्यांची भीती खरी होती. त्यामुळे अडचण अशी झाली की तरी चाखणार कोण? पुढच्याच हळदीला टोप तयार झाले, गाव जमलं, आणि तिने मला हाक मारली. "हात कर."

मी उजवा हात पुढे केला. तिने उकळत्या टोपात पळी बुडवली, वरची लालभडक, थरथरती तरी घेतली, आणि क्षणभरही न थांबता माझ्या तळहातावर ओतली. स्वतःच्या हातावर ओतताना ती फुंकर मारायची, हे मला तेव्हा आठवलं. हात मागे घ्यायची सोय नव्हती. सगळं गाव बघत होतं. मी चाटलं. डोळे मिटले, पाणी आलं होतं म्हणून मिटले.

"बोल."

आता टोपाचं काय व्हायचं ते माझ्या एका शब्दावर होतं, आणि तिला चव घेता येत नव्हती. मी काहीही सांगू शकले असते. तिलाही ते ठाऊक होतं. ती माझ्याकडे बघत होती, पळी हातात तशीच धरून.

"मीठ कमी आहे," मी म्हटलं. खरंच कमी होतं.

तिने न विचारता, न चाखता, मूठभर मीठ घेऊन टोपात टाकलं, ढवळलं, आणि पुन्हा पळी भरली.

"दुसरा हात कर," म्हणाली.